चोर म्हटल्यावर हत्ती

"मनातलं ओळखायला शिकवता ना तुम्ही पोरांना? मग ओळखा की चोर!"

प्राचार्य घोडके सरांनी स्टॉपवॉचची रिकामी डबी टेबलावर आपटली. आमच्या टेंभेकर मॅडमचा चेहरा खर्रकन उतरला. डबीत निळ्या मखमलीचा गोल खड्डा तेवढा उरला होता, घड्याळ गायब.

"सर, मी बघते..."

"बघायचं काय त्यात? पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल. बाहेरून परीक्षक येणार. त्यांच्यापुढे काय ठेवणार, भिंतीवरचं घड्याळ? तुमच्या विषयाचं ते एक यंत्र, तेही सांभाळता येईना. उद्यापर्यंत चोर सापडला नाही तर मानसशास्त्र बंद, पुढच्या वर्षी भूगोल सुरू करतो. आणि सापडला तर त्याच्या हातात दाखला. परीक्षा-बिरीक्षा काही नाही, सरळ घरी."

सर तरातरा निघून गेले. आम्ही बारावी आर्ट्सची जेमतेम डझनभर पोरंपोरी माना खाली घालून बसलो. एकाची तरी मान खोटी खाली गेलीय, असं मला तेव्हाच वाटलं.

आता हे सांगायला हवं, की मी जात्याच संशयी. दूधवाल्याचं माप दोनदा बघणार, बांगडी घेताना दुकानदाराचे डोळे बघणार. आई म्हणायची, "वैजयंताला देवानं स्वतःच्या हातानं प्रसाद दिला तरी ही आधी हुंगून बघेल." मानसशास्त्र घेतलं तेही त्याच संशयीपणानं. आमच्या माणदेशातल्या तालुक्याच्या गावात त्या काळी त्याला 'येड्यांचा विषय' म्हणायचे. माझी आत्या तर काळजीने विचारायची, "हे शिकून येड्यांच्या दवाखान्यात नोकरी लागती का गं?" मला नोकरीचं काही नव्हतं. लोक आतून काय असतात ते मला कळायला हवं होतं, बस्स.

"शेवटचं घड्याळ कुणी वापरलं?" मॅडमनी विचारलं. त्या दोनच वर्षांपूर्वी कोल्हापूरहून आलेल्या, पहिलीच नोकरी.

कुणी काही बोलायच्या आत सगळा वर्ग आमच्या बाकाकडे वळला. "झेंडे आणि कोळेकर," शिरीष दोशी म्हणाला. "गुरुवारी त्यांच्याच जोडीचा प्रयोग होता."

झेंडे म्हणजे मी. गुरुवारी संध्याकाळी घड्याळ पुसून डबीत मीच ठेवलं होतं. पण डबी कपाटात ठेवून किल्ली दगडूमामांकडे, म्हणजे आमच्या शिपायांकडे द्यायचं काम नागनाथ कोळेकरचं. मी घेतलं नव्हतं हे मला पक्कं ठाऊक. दगडूमामांना विचारावं तर ते शनिवारपासून गावच्या जत्रेला गेलेले. मग उरला कोण?

नागनाथवर माझा संशय काही त्या दिवशीचा नव्हता. डोंगरापलीकडच्या वाडीवरून सायकल हाणत येणारा उंच, किडकिडीत पोरगा. अकरावीच्या पहिल्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला नाव सांगायला लावलं, तर हा उठला, फळ्याकडे गेला आणि खडूने नाव लिहून परत येऊन बसला. शिष्ट मेला! हजेरीला नुसता हात वर करायचा. कुणी काही विचारलं की हसायचा, नाहीतर निघून जायचा. अशा माणसाशी माझी जोडी लावली, कारण उशिरा प्रवेश घेतल्यामुळे मुलींच्या यादीत शेवटची मी आणि मुलांच्या यादीत शेवटचा तो.

प्रयोगात एकाने प्रयोगकर्ता व्हायचं आणि दुसऱ्याने प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. हा प्रयोगकर्ता झाला की शब्द मोठ्याने वाचायचे सोडून मला कार्डंच दाखवायचा. "अरे, वाचायचं असतं ते!" मी ओरडले की नुसता मान डोलवायचा. आळशी, दुसरं काय! आणि प्रयुक्त झाला तर विचारूच नका. शब्दांचा एक प्रयोग असतो: मी एक शब्द म्हणायचा, त्याने मनात येईल तो पहिला शब्द म्हणायचा आणि मी अंगठ्याने स्टॉपवॉच थांबवायचं. 'आई' म्हटलं की जगात सगळे 'बाबा' म्हणतात, नाहीतर 'माया'. हा म्हणायचा 'हळद'. 'पुस्तक' म्हटलं की 'हंडा'. तेही इतक्या उशिराने, की माझा अंगठा बटणावर अवघडून जायचा. मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं, की हा काहीतरी लपवतोय.

"मॅडम, आपण आपलाच प्रयोग करू या ना," शिरीष म्हणाला. शिरीष दोशी म्हणजे कापड दुकानदाराचा मुलगा, पुण्याहून जाडजूड गाइडं मागवायचा आणि स्वतःला वर्गाचा डॉक्टर समजायचा. "पुस्तकात दिलंय की. साध्या शब्दांत मधूनच चोरीचे शब्द टाकायचे. ज्याच्या मनात पाप आहे, तो तिथे बरोब्बर अडखळतो."

"असं वर्गात करत नाहीत रे," मॅडम म्हणाल्या. पण घोडके सरांचा टोमणा त्यांना चांगलाच झोंबला होता. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "बरं. एकेकाने पुढे या."

आम्ही एकेक करून त्या खुर्चीवर जाऊन बसलो. मला 'चोर' म्हटल्यावर मी ताडकन 'पोलीस' म्हणाले, 'डबी'ला 'लाडू'. सगळे हसले आणि माझा जीव भांड्यात पडला. शेवटी नागनाथ आला.

"झाड," मॅडम म्हणाल्या.

तो थांबला. "हिरवं."

"नदी."

"...होडी."

"कपाट."

त्याने ओठ घट्ट मिटले. घामाचा थेंब कानाशी उतरताना मी पाहिला. "हात."

"बघा!" शिरीष कुजबुजला. "कपाटात हात!"

"चोर."

आता मात्र तो थांबला तो थांबलाच. मॅडमची नजर घड्याळावर, आमची त्याच्यावर. "...हत्ती."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. चोर म्हटल्यावर हत्ती? सरळ मनाच्या माणसाला कधी सुचेल का असलं? मॅडमचा आवाज हळू झाला.

"डबी."

"...हरवली."

डबी तर समोर टेबलावर होती. हरवलं होतं ते आतलं. शिरीषने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, आणि खरं सांगते, मीही मनात म्हटलं, सापडलास बेट्या!

"कोळेकर," मॅडमनी विचारलं, "घड्याळ तू घेतलंस?"

त्याने जोरजोरात मान हलवली.

"मान हलवू नकोस. तोंडाने सांग. हो की नाही?"

त्याने तोंड उघडलं. जीभ टाळ्याला लागली आणि तिथेच राहिली. डोळे मिटले, मानेची शीर टरारून फुगली, हनुवटी एका बाजूला वळली. खोटं बोलू की खरं बोलू अशी त्याच्या आत मारामारी चाललीय, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पुस्तकात तसंच लिहिलं होतं.

"हो की नाही?" मॅडमचा आवाज चढला.

"हो," नागनाथ म्हणाला.

बाकं करकरली. मॅडमनी कपाळाला हात लावला. "कुठे आहे? घरी नेलंस?"

"हो."

"की विकून टाकलंस?"

"हो."

"उद्या वडलांना घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये यायचं. कळलं?"

"हो."

झालं. चोर सापडला, विषय वाचला, मी सुटले. शिरीषच्या पाठीवर थापा पडत होत्या. पण माझं डोकं तिथेच अडकलं. घड्याळ घरी आहे आणि विकलंही? असं कसं? चोरी केली ती केली, थाप तरी धड मारेल की नाही? आणि 'हो' म्हणताना त्याचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला होता. पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. पाटीभर ओझं खाली टाकल्यावर माणूस कसा दिसतो, तसा तो दिसत होता.

माझा कुणाच्याही खऱ्यावर चटकन विश्वास बसत नाही. त्या दिवशी कळलं, की खोट्यावरही बसत नाही.

दुपारी कॉलेज सुटल्यावर मी त्याला सायकल स्टँडवर गाठलं. मुलीने मुलाला असं गाठणं म्हणजे गावभर चर्चा, पण म्हटलं, मरो ती चर्चा.

"ए कोळेकर, थांब. घड्याळ तू घेतलंस?"

"हो." त्याने सायकलचं कुलूप काढलं.

"घरी आहे?"

"हो."

"बरं. मग ऐक. ते मी घेतलं. डबीतून काढून मी पर्समध्ये टाकलं आणि तू ते पाहिलंस. पाहिलंस ना? सांगू का मॅडमना तसं?"

तो दचकून माझ्याकडे बघत राहिला. मग मान हलवली, नाही म्हणून.

"मान नको. तोंडाने बोल. पाहिलंस का नाही?"

"हं... न्..." तो म्हणाला. पुन्हा तेच. जीभ टाळ्याला, डोळे मिटलेले, मानेची शीर. "न्... न्... न्..." हनुवटीला झटके बसत होते. सायकलच्या हँडलवरच्या त्याच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. मी दोन पावलं मागे सरले. भीतीच वाटली मला, फिट येतेय की काय! आणि मग एकदाचं ते सुटलं. "नाही."

आम्ही दोघंही दमल्यासारखे उभे राहिलो.

"तू अडखळतोस," मी म्हणाले.

त्याने खाली बघितलं.

"अरे, मग 'हळद' काय, 'हंडा' काय..."

"ह... ह येतो," तो म्हणाला. एकेक शब्द हाताने चाचपून उचलावा तसा बोलत होता. "हवा जाते. अडत... अडत न्... नाही. हा प्रयोग आवडतो. यात शब्द आपला. कुठलाही चालतो."

मला एकदम दोन वर्षं आठवली. फळ्यावर लिहिलेलं नाव, हजेरीचा हात, कार्डं. त्याचं स्वतःचं नावच 'न'वरून, आणि तेच त्याला उच्चारता येत नव्हतं. मी त्याच्यासमोर बसून अंगठ्याने त्याचे सेकंद मोजले होते आणि मनात त्याला लबाड ठरवलं होतं. स्वतःची लाज वाटली, आणि तशी वाटली की मला रागच येतो.

"मूर्खा, म्हणून काय चोरी कबूल करायची? दाखला देतील हातात! वर्ष जाईल! सांगायचं ना सरळ!"

"सगळ्यांपुढे?" तो हसला. "वाडीतल्या शाळेत तोतऱ्या म्हणायचे. मास्तरसुद्धा. इथे अजून... अजून ठाऊक न्... नाही कुणाला. चोर म्हणतील ते एकदा म्हणतील. तोतऱ्या रोज म्हणतात."

मी त्याच्या सायकलचं हँडल धरलं. "मग हा विषय घेतलास तरी कशाला? याची तोंडी परीक्षा असते ना?"

"पुस्तकात धडा होता. बोलण्यातले... अडथळे. अकरावीला." तो सायकल काढत म्हणाला. "वाट बघितली वर्षभर. मॅडमनी तो ऑप्शनला टाकला."

जाता जाता त्याने वळून ओठांवर बोट ठेवलं. कुणाला सांगू नकोस. मी मान हलवली. तोंडाने बोल असं तो काही मला म्हणाला नाही.

आता मोठी पंचाईत. सांगायचं नाही म्हणजे घड्याळच सापडायला हवं. मी मैदानाच्या कट्ट्यावर बसून डोकं खाजवलं. चोराने नेलं तरी करणार काय त्याचं? त्या घड्याळात किती वाजले ते कळत नाही. मनगटावर बांधता येत नाही. त्याला फक्त सेकंद मोजता येतात. सेकंद लागतात कुणाला? मला, मॅडमना, आणि...

समोर मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा होत्या. शंभर मीटरच्या. शुक्रवारी धावण्याची निवड चाचणी झाली होती आणि शनिवारी पहाटे मुलाणी सर, आमचे खेळाचे सर, पोरं घेऊन जिल्ह्याच्या स्पर्धेला गेले होते. खेळाच्या खोलीला कुलूप. पोरं उद्या सकाळच्या सोलापूर गाडीने परत येणार, असं वॉचमनने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी एसटी स्टँडवर जाऊन उभी राहिले. गाडी धूळ उडवत आली. मुलाणी सर पायरीवरून उतरले, हातात ढाल, गळ्यात शिट्टी, आणि शिट्टीशेजारी लोंबकळत होतं आमचं स्टॉपवॉच.

"सर!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले, की पानवालाही टपरीबाहेर आला. "ते घड्याळ आमचंय!"

"हां हां, तुमचंच की!" सर खुशीत होते. "आमच्या घड्याळाची स्प्रिंग गेली ऐन वेळी. दगडूकडून घेतलं शुक्रवारी. म्हटलं, मॅडमला सांग, तर तो जत्रेच्या नादात विसरला वाटतं. का गं? काय झालं?"

"तुम्ही चला आधी!"

केबिनमध्ये पोचलो तेव्हा घोडके सर खुर्चीत बसले होते आणि दाखल्याचा कागद त्यांच्यासमोर होता. मॅडम कडेला उभ्या. नागनाथ, आणि त्याच्याशेजारी डोक्यावरचं मुंडासं हातात घेऊन उभे त्याचे वडील. दाराबाहेर आमचा वर्ग, सगळ्यांत पुढे शिरीष. मुलाणी सरांनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मॅडम घड्याळाकडे आणि नागनाथकडे आळीपाळीने बघत होत्या. मग त्यांनी ते उचलून न बघताच माझ्या हातात दिलं. सवयीनेच.

"म्हणजे यानं घेतलंच नाही?" घोडके सर गोंधळले, आणि गोंधळले की ते चिडायचे. "मग हो कशाला म्हणाला? येडं आहे का पोरगं? का आमची चेष्टा लावलीय?"

"न्हाई साहेब," वडील घाईने म्हणाले. "त्याला बोलायची सवय न्हाई. घरात बी गपच असतो. मी सांगतो ना त्याच्या वतीनं. पोरानं कुणाच्या काडीला हात लावलेला न्हाई."

"तुम्ही थांबा. तो सांगेल. काय रे, घेतलं होतंस का घड्याळ?"

मला ठाऊक होतं काय होणार ते. मी पुढे सरले, म्हटलं, जाऊ दे वचन, सांगून मोकळी होते. "सर, तो..."

नागनाथने हात वर केला. हजेरीला करायचा तसाच.

मग त्याने तोंड उघडलं.

जीभ टाळ्याला लागली आणि अडली. "न्..." डोळे मिटले गेले. शीर फुगली. "न्... न्..." हनुवटी वळली, मान झटक्याने मागे गेली. वडलांनी तोंड फिरवलं. बाहेर कुणीतरी खिदळलं आणि मग, काय होतंय ते कळल्यावर, एकदम थांबलं. शिरीषचं तोंड उघडंच राहिलं होतं. मॅडमनी पदर तोंडाला लावला. त्या मानसशास्त्राच्या एमए होत्या. त्यांना आता सगळं कळलं असणार, हळद, हंडा, हत्ती, सगळं. कालच्यासारखं 'हो' म्हणून मोकळा हो, असं मी मनात म्हणत होते, म्हण, काय बिघडतं, आता तर घड्याळही सापडलंय. त्याने म्हटलं नाही. "न्... न्..."

"नाही."

आणि तिथे तो थांबलाही नाही. पुढच्या शब्दाला पुन्हा अडला, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा जोर लावला. "म्... मी. मी... घ्... घेतलं... न्... नाही." मग श्वास घेऊन, कुणी विचारलं नव्हतं तरी, तो म्हणाला, "माझं... न्... नाव... नागनाथ... कोळेकर."

किती वेळ लागला म्हणाल, तर मला सांगता येणार नाही. स्टॉपवॉच माझ्याच हातात होतं. पण त्याने तोंड उघडलं तेव्हाच मी बटणावरचा अंगठा काढून घेतला होता.